जुन्या वाड्याची नाडीपरीक्षा

घरांतील वडील माणसाला रात्रीं दोन वेळां खोकल्याची उबळ आली, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं डॉक्टरांकडे जाण्याइतकी दक्षता आपल्या कुटुंबांतून सामान्यतः असते. मुलांचें वजन, आजोबांची साखर, आजीबाईंचा रक्तदाब यांच्या नोंदी आतां घरोघर होतात. परंतु हीं सर्व माणसें ज्या भिंतींच्या भरंवशावर निजतात, त्या भिंतींची प्रकृति शेवटीं कधीं पाहिली, असें कोणीं विचारल्यास बहुतेक घरांतून उत्तर मिळत नाहीं. भिंत कण्हत नाहीं, म्हणून ती धडधाकट आहे असें आपण धरून चालतों. वास्तविक भिंतहि बोलते; मात्र तिची भाषा भेगेची, ओलीची व कलण्याची असते. ती भाषा वाचावी कशी, एवढाच या महिन्याचा आमचा विषय आहे.

या विषयासाठीं आम्हीं नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांकडे दृष्टि वळविली आहे, ती सहज नव्हे. दगडविटांच्या जुन्या बांधकामाची एवढी विविधता आणि त्या बांधकामावर ओढवलेला एवढा घोर प्रसंग, हीं दोन्हीं एकाच टापूंत क्वचितच आढळतील. कंधार, उदगीर व औसा येथील किल्ले. महाराजा रणजितसिंहांच्या काळांत, १८३२ ते १८३७ या वर्षांत, गोदाकांठच्या नांदेडांत उभें राहिलेलें सचखंड गुरुद्वार. देगलूर तालुक्यांतील होट्टलचीं चालुक्यकालीन मंदिरें. लातूर शहराच्या मध्यभागीं १९१७ सालीं बांधलेली गंजगोलाई. अशी ही मालिका आहे. या मोठ्या वास्तूंची वास्तपुस्त करणारें एखादें खातें, विश्वस्तमंडळ वा नगरसंस्था असते. परंतु गांवोगांवच्या देशमुख-देशपांड्यांच्या गढ्या, कुळकर्ण्यांचे वाडे, जोशीबोवांचें माळवदाचें घर यांना घरच्या माणसांवांचून दुसरा वाली नाहीं. आणि माणसें निजतात तीं या घरांत, किल्ल्यांत नव्हे.

प्रथम या घरांची शरीररचना पाहूं. मराठवाड्यांतील जुन्या घराची भिंत काळ्या दगडाची व मातीच्या चिखलांत रचलेली असते. ऐपतदार घरांत ती दोन फुटांपासून चार-पांच फुटांपर्यंत जाड असावयाची. आंत लांकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर किलचण, त्यावर पालापाचोळा वा तुराट्या आणि सर्वांत वर मातीचा जाड थर; हें झालें माळवद. वैशाखांतल्या उन्हांत अशा घराच्या सोप्यांत पाऊल टाकलें कीं जो थंडावा मिळतो, तो नव्या सिमेंटच्या घरांत पंखा लावूनहि मिळत नाहीं. म्हणून या रचनेला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. ज्यांनीं ती योजली ते आपल्या हवेचे जाणकार होते. परंतु त्यांनीं हिशेब केला तो उन्हाचा, चोरदरोड्याचा व पावसाचा. भूमि हालेल असा हिशेब त्यांत नव्हता, कारण कोणाच्याहि स्मरणांत ती हालली नव्हती.

माळवदाच्या वजनाचा अंदाज वाचकांनीं स्वतःच करून पाहावा. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा लहानशा खोलीवर एक फूट मातीचा थर असेल, तर ती माती शंभर घनफूट झाली. कोरडी असतांना तिचें वजन साडेचार टनांच्या घरांत जातें. पावसांत भिजली कीं त्याहूनहि अधिक. दर दोन-तीन वर्षांनीं गळती थांबविण्यासाठीं वर नवी माती टाकण्याची जी चाल आहे, तिनें हा थर पिढ्यान्‌पिढ्या वाढतच जातो. जुनी माती खरवडून काढून मगच नवी टाकावी, हा नियम जुने गवंडी जाणत; परंतु खरवडण्याची मजुरी वांचविण्याचा मोह कोणाला सुटला आहे? अशा रीतीनें कित्येक घरांतून दीड-दोन फुटांचें ओझें डोक्यावर जमा झालेलें असतें, आणि त्याखालीं पाळणा हालत असतो.

यानंतर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपति पोहोंचवून थकलेलीं गांवें गाढ झोपेंत असतां ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. त्याची प्रत ६.२ च्या आसपास होती. जगाच्या मानानें हा कांहीं महाभूकंप नव्हे. परंतु किल्लारी, तळणी, मंगरूळ, तसेंच शेजारच्या जिल्ह्यांतील सास्तूर, होळी अशीं गांवेंच्या गांवें मातीच्या ढिगाऱ्यांत गेलीं. सुमारें आठ हजार माणसें प्राणांस मुकलीं. आणि ५२ गांवें पुढें नव्या जागीं वसवावीं लागलीं. यानंतर अवघ्या साडेतीन महिन्यांनीं, १७ जानेवारी १९९४ रोजीं, कॅलिफोर्नियांत नॉर्थरिज येथें याहून बराच मोठा, ६.७ प्रतीचा भूकंप दाट वस्तीखालीं झाला. तेथें मृतांची संख्या साठांच्या आसपास राहिली. दोन्ही भूकंप पहाटेचेच होते. तेव्हां या दोन आंकड्यांमधील अंतर भूमीनें निर्माण केलेलें नाहीं. तें भिंतींनीं निर्माण केलेलें आहे.

भिंती जाड असतांना पडल्या कशा, हा प्रश्न त्या वेळीं पुष्कळांस पडला. पाटलाची भिंत चार फुटांची, ती गेली. आणि शेजारीं गरिबाची कुडाची झोंपडी हाललीसुद्धां नाहीं! याचें कारण असें कीं, चार फुटांची भिंत ही बहुधा एक भिंत नसतेच. बाहेरच्या अंगास एक घडीव दगडांची रांग, आंतल्या अंगास दुसरी, आणि मधल्या पोकळींत गोटे, कपऱ्या व माती कोंबलेली, असें तें असतें. दोन्ही रांगांना आरपार बांधून ठेवणारा लांब दगड जर मधूनमधून घातलेला नसेल, तर त्या दोन रांगा म्हणजे पाठीला पाठ लावून उभीं असलेलीं दोन माणसें. धक्का बसतांच मधला भराव खालीं दबतो, दोन्ही रांगांना बाहेर ढकलतो, आणि भिंत उभीच्या उभी फुटते. एक थर बाहेर रस्त्यावर पडतो व दुसरा आंत अंथरुणावर. जाडी वाढली म्हणजे येथें बळ वाढत नाहीं, भरावाचें वजन मात्र वाढतें. ज्या घरांत माळवदाचा भार लांकडी खांबांवर होता, तेथें पुष्कळ ठिकाणीं भिंती गळून पडल्यावरहि खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिलेला लोकांनीं पाहिला. जेथें तुळया थेट भिंतीवरच टेकविल्या होत्या, तेथें भिंतीबरोबर सर्वच खालीं आलें. या एका निरीक्षणांत जुन्या घराच्या चिकित्सेचा निम्मा भाग आला आहे.

येथें आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. किल्लारीच्या परिसरांत १९९२ च्या ऑक्टोबरपासूनच लहान लहान धक्के जाणवूं लागले होते. तसेच नांदेड शहरांत २००६ च्या अखेरीपासून भूगर्भांतून आवाज व सौम्य धक्के येत राहिले. पुढें २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं सहाच्या सुमारास व १० जुलै २०२४ रोजीं सव्वासातच्या सुमारास शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत ४.५ प्रतीचे भूकंप झाले, ते नांदेडासहि स्पष्ट जाणवले. मार्चमधील धक्क्यानंतर, पत्रे उडूं नयेत म्हणून छपरावर ठेवलेले जड दगड उतरवून घ्यावेत, असें आवाहन नांदेडच्या जिल्हा प्रशासनानें केलें. आणि तें अत्यंत शहाणपणाचें होतें. लहान धक्क्यांवरून मोठा येईल कीं नाहीं, याचें भाकीत आज कोणतेंहि शास्त्र करूं शकत नाहीं. म्हणून अशा वेळीं भविष्य वर्तविणाऱ्याच्या नादीं न लागतां धक्क्यानें आपल्या भिंतीला काय केलें, तें पाहावें. भूकंप केव्हां येईल हें कळत नाहीं. पण भिंत आज कशी आहे, हें निश्चित कळतें.

तें कळून घेण्याचें पहिलें साधन म्हणजे एक साधी वही. घराच्या प्रत्येक खोलीचें कच्चें चित्र तींत काढावें आणि भिंतींना क्रमांक द्यावेत. प्रत्येक भेग कोठून निघाली, कोठें संपली, कोठें अधिक रुंद आहे, हें तींत लिहावें. भेगेच्या दोन्ही टोकांशीं भिंतीवर पेन्सिलीनें बारीक आडवी रेघ ओढून तारीख घालावी. पुढील खेपेस भेग त्या रेघेपलीकडे गेली असल्यास ती वाढते आहे, हें सांगण्यास कोणा पंडिताची गरज उरत नाहीं. रुंदी मोजण्यास पारदर्शक पट्टी पुरते. एक मिलिमीटर, तीन मिलिमीटर असा आंकडा लिहावा. ‘बारीक’, ‘मोठी’ असले शब्द लिहूं नयेत, कारण आजची बारीक भेग उद्यां आपल्याला मोठी वाटेल कीं नाहीं, तें आपल्या मनःस्थितीवर अवलंबून असतें. हल्लीं छायाचित्र घेणें सोपें झालें आहे. त्यांत भेगेशेजारीं पट्टी धरलेली असावी, म्हणजे मागाहून तुलना करतां येते.

मात्र आमच्या नांदेड-लातूरकडच्या वाचकांनीं एक विशेष ध्यानांत ठेवावें. तिकडची काळी जमीन पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत सुकून आक्रसते. शेतांतून हात जाईल अशा भेगा पडतात, त्या याच गुणामुळें. अशा जमिनीवर उथळ पाया असलेलें घर वर्षांतून एकदां श्वास घेतें व एकदां सोडतें. चैत्रांत उघडलेली भेग भाद्रपदांत मिटलेली दिसली, म्हणून घर बरें झालें असें समजूं नये, किंवा चैत्रांत ती दिसली म्हणून घाबरूनहि जाऊं नये. याकरितां नोंद वर्षांतून निदान चार वेळां करावी: मृगापूर्वीं, पावसाळा संपतांच, ऐन थंडींत व ऐन उन्हाळ्यांत. आणि या वर्षींच्या चैत्राची तुलना गेल्या वर्षींच्या चैत्राशींच करावी. चैत्रास चैत्र मिळाला, तर भेग ऋतूची आहे. दरवर्षीं चैत्राचा आंकडा वाढत असला, तर ती रोगाची आहे. हा भेद एका दिवसाच्या तपासणींत मोठ्या अभियंत्यालाहि करतां येणार नाहीं. तो घरच्या वहीलाच करतां येतो.

दुसरें साधन म्हणजे भेगेवर बसविलेली साक्ष. भेगेच्या आरपार, गिलावा खरवडून काढलेल्या घट्ट पृष्ठभागावर, काचेची पातळ पट्टी किंवा प्लास्टरचा लहानसा पट्टा दोन्ही टोकांस पक्का चिकटवितात व त्यावर तारीख लिहितात. भिंत हालली कीं ती साक्ष तडकते. व्हेनिस शहरांतील सान मार्कोचा उंच घंटाघर १९०२ च्या जुलैंत फुटूं लागला, तेव्हां त्याच्या भेगांवर अशा काचपट्ट्या बसविल्या होत्या. त्या एकामागून एक फुटूं लागल्या. अधिकाऱ्यांनीं चौक रिकामा करविला. आणि १४ जुलै रोजीं तो प्रचंड मनोरा भर सकाळीं कोसळला, तरी एकहि मनुष्य दगावला नाहीं. पुढें १९१२ सालीं तो पुनः जसाच्या तसा बांधण्यांत आला. उलट पक्षीं त्याच इटलींतील पाव्हिया शहराचा नगर-मनोरा सुमारें नऊशें वर्षें उभा होता म्हणून त्याच्याविषयीं कोणी शंका घेतली नाहीं. तो १७ मार्च १९८९ रोजीं एकाएकी खालीं बसला व चार माणसें ठार झालीं. त्याच्याहि भिंती बाहेरून घडीव व आंतून भरावाच्याच होत्या. वर्षानुवर्षें एकच भार वाहून त्या आंतल्या आंत झिजत गेल्या, असा निष्कर्ष तपास करणाऱ्यांनीं काढला. ‘इतकीं वर्षें उभा आहे, आतां काय होतें?’ हें वाक्य आपल्याकडेहि वाड्यावाड्यांतून ऐकूं येतें. तें उच्चारण्यापूर्वीं पाव्हियाची आठवण करावी.

तिसरें साधन गवंड्याचा ओळंबा. भिंतीच्या माथ्यापासून तो सोडून वर, मध्यें व खालीं भिंतीचें अंतर मोजावें व वहींत मांडावें. वरचें अंतर वर्षागणिक बदलत असल्यास भिंत कलत आहे. मधलेंच अंतर कमी होत असल्यास भिंतीला पोट सुटलें आहे. म्हणजे तिच्या दोन रांगा एकमेकींपासून सुटूं लागल्या आहेत. कलण्यापेक्षां पोट सुटणें हें अधिक वाईट, कारण किल्लारीस भिंती फुटल्या त्या याच वाटेनें. शंका असेल तेथें लांकडी हातोडीनें हळूच ठोकून पाहावें. भरीव भिंतीचा आवाज आंखूड व घट्ट येतो, पोकळ झालेली भिंत डबक्यासारखी वाजते.

चौथें साधन गृहिणीची नजर. आणि आमच्या मतें हेंच सर्वांत श्रेष्ठ आहे. ज्या भिंतीच्या पायथ्याशीं रोज केर काढतांना मूठभर माती नव्यानें मिळूं लागते, ती भिंत झरते आहे, हें प्रथम तिलाच कळतें. पावसाळ्यांत दार फुगून आवळतें तें लांकडाच्या धर्मानुसार. परंतु ऐन उन्हाळ्यांत जर दाराचा एकच कोपरा घासूं लागला, तर चौकट तिरपी होत आहे असें समजावें. न्हाणीघराच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत चढलेली ओल व पांढरा क्षार, पन्हळ तुंबून माळवदावर सांचलेलें पाणी, तुळईच्या टोकाशीं वाळवीची मातकट नळी, जोत्याशीं घुशीनें उकरलेला ढिगारा, गच्चीच्या कठड्यांतून डोकावणारें पिंपळाचें रोप. या सर्व खुणा घरांतील स्त्रियांना आधीं दिसतात, आणि बहुधा त्यांचें म्हणणें ‘पाहूं पुढें’ या दोन शब्दांत वासलात लावलें जातें. तुळईचें टोक जेथें भिंतींत शिरतें, तेथें ओल व वाळवी दोन्ही दडून बसतात. तेथें दाभण टोंचून पाहावें. तें सहज आंत गेल्यास सुताराला बोलावण्यास दिवाळीची वाट पाहूं नये.

पाणी हा मातीच्या भिंतीचा जुना वैरी. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत मराठवाड्यांत जी अतिवृष्टि झाली, तशी झाल्यावर भिंत बाहेरून सुकलेली दिसली तरी तिच्या मधल्या भरावांत ओल फार काळ राहते, आणि भिजलेल्या मातीचें बळ कोरडीच्या मानानें अल्पच असतें. म्हणून पुष्कळ भिंती पावसांत न पडतां पाऊस उघडल्यावर पडतात. अशा वेळीं ओलीवर उपाय म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा चढविण्याची जी टूम निघाली आहे, ती भिंतीच्या मुळावर येते. माती व चुना श्वास घेतात. सिमेंट तो कोंडतें. आंत आलेलें पाणी बाहेर पडण्यास वाट न मिळाल्यानें गिलाव्यामागें माती लोण्यासारखी मऊ होते, आणि वरून सर्व गुळगुळीत असल्यामुळें भेग दिसण्याचा मार्गहि बंद होतो. रोग्याचें तोंड बांधून त्याची तक्रार बंद केल्यासारखेंच हें आहे.

शास्त्रानें याच्या पुढचीं पावलेंहि टाकलीं आहेत. प्रत्येक इमारतीला, तंबोऱ्याच्या तारेला असावा तसा, स्वतःचा एक सूर असतो. वारा, रहदारी यांच्या सूक्ष्म हालचालींनीं ती त्या सुरांत सतत कंप पावत असते. आंतून ती ढिली झाली कीं सूर उतरतो. इटलींतील पेरुजा येथील सान पिएत्रो मंदिराच्या घंटाघरावर २०१४ च्या अखेरीपासून कंपनमापक यंत्रें बसविलीं आहेत. त्या मनोऱ्याचा मुख्य सूर सेकंदास सुमारें दीड कंपनांचा आहे. तो उन्हाथंडीनें थोडा वर-खालीं होतो. तो ऋतूचा फरक गणितानें वजा केल्यावर, २०१६ च्या मध्य इटलींतील भूकंपांनंतर तो किंचित्‌, पण कायमचा उतरल्याचें आढळून आलें; आणि तें डोळ्यांना कांहींहि दिसत नसतांना. आपल्या वहींतील चैत्राची चैत्राशीं तुलना व त्या यंत्रांचें गणित यांतील तत्त्व एकच आहे, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. गुरुद्वारासारख्या, किल्ल्यांसारख्या मोठ्या वास्तूंना अशीं यंत्रें शोभतील. घरगुती वाड्याला त्यांची गरज नाहीं. पण वही भरल्यावर ती दाखवावयास जाणता मनुष्य हवा. नांदेडास १९८१ सालीं स्थापन झालेलें श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दोन्ही शहरांतून नगरसंस्थेच्या नोंदीवरील अभियंते आहेत. महानगरपालिकांच्या हद्दींतील तीस वर्षांवरील इमारतींची अशा अभियंत्याकडून तपासणी करवून घेण्याचें बंधन कायद्यानेंहि मालकावर घातलें आहे.

एवढें सांगितल्यावर एक गैरसमज दूर करणें आमचें कर्तव्य आहे. नाडी पाहणें म्हणजे औषध देणें नव्हे. वही, काच व ओळंबा हे मंद गतीनें येणारे रोग दाखवितात. भूकंप मंद गतीनें येत नाहीं. किल्लारीच्या कित्येक भिंती आदल्या सायंकाळीं सरळ व निर्भेग होत्या; त्यांच्या वह्या कोणीं ठेवल्या असत्या, तरी त्यांत काळजीचें एक अक्षर आलें नसतें. म्हणून जेथें भिंत दोन सुट्या रांगांची आहे, तेथें भेग असो वा नसो, तिला बांधून काढणेंच प्राप्त आहे. १९९३ च्या अनुभवानंतर जागतिक बँकेच्या साह्यानें महाराष्ट्र सरकारनें जें मोठें पुनर्वसनाचें काम केलें, त्यांत नवीं गांवें बसविण्याबरोबरच उभ्या राहिलेल्या जुन्या घरांच्या बळकटीचाहि भाग होता. त्यांतील उपाय अगदीं घरगुती आहेत. माळवदावरील जादा माती उतरवावी. भिंतींत ठराविक अंतरावर आरपार भोंकें पाडून त्यांत लोखंडी आंकडा घालून काँक्रीट भरावें, म्हणजे दोन्ही रांगा एकमेकींस धरून राहतात. दारेंखिडक्यांच्या माथ्याशीं घरासभोंवतीं अखंड पट्टा घालावा, म्हणजे चारी भिंती एका कमरपट्ट्यांत येतात. खांब व तुळई यांच्या सांध्यांत तिरपे आधार द्यावेत. नव्यानें दगडी भिंत बांधणारासाठीं भारतीय मानकसंस्थेनें १९९३ सालींच नियम घालून दिले: जाडी दीड फुटाहून अधिक नको, आणि दर दोन फुटांच्या थरांत, चार फुटांहून अधिक अंतर न ठेवतां, आरपार दगड हवा. चार फुटांच्या भिंतीचा अभिमान बाळगणाऱ्या घराण्यांनीं हे आंकडे अवश्य ध्यानांत घ्यावेत. भूकंपाच्या सरकारी नकाशांतहि किल्लारीचा प्रदेश पूर्वीं सर्वांत निर्धोक विभागांत होता. २००२ सालीं तो तिसऱ्या विभागांत घातला गेला. नकाशा सुधारण्यास नऊ वर्षें लागलीं; घरमालकानें तितकी वाट पाहण्याचें कारण नाहीं.

आतां या सर्वांच्या आड जी खरी अडचण येते, तिच्याविषयीं थोडें स्पष्ट बोलतों. ती दगडांची नाहीं, माणसांची आहे. वाड्याला चार भावांचे चार वांटे असतात. एक पुण्यास, एक बंगळुरास, एक समुद्रापलीकडे. आणि वाड्यांत राहतात ते वडील काका व काकू. दुरुस्तीचा विषय निघाला कीं ‘वांटणी झाल्यावर पाहूं’ असें एक म्हणतो. ‘शेवटीं पाडावयाचाच आहे, मग खर्च कशाला?’ असें दुसरा म्हणतो. आणि ‘वडिलार्जित वास्तूला हात लावूं नका’ असें सद्गदित होऊन तिसरा म्हणतो. तिघांचेंहि पर्यवसान एकच: काका-काकू त्याच पोट सुटलेल्या भिंतीखालीं निजत राहतात. भिंतीला वांटणीचें ज्ञान नसतें. ती पडतांना सातबाराचा उतारा पाहून पडत नाहीं. वाड्याच्या बाहेरील बाजूस टपरी टाकून बसलेला गरीब मनुष्य, गल्लींतून शाळेला जाणारीं मुलें, यांचा तर त्या वाड्यांत कांहींच वांटा नसतो. ‘घर फिरलें कीं घराचे वासेहि फिरतात’ असें आपण म्हणतों; पण वासे फिरण्याच्या कितीतरी आधीं माणसेंच फिरलेलीं असतात.

यावर उपाय फार मोठा नाहीं. कुळधर्म-कुळाचारांना जसा सर्व भावांचा वर्षासनी हिस्सा असतो, तसाच वास्तूच्या तपासणीसाठीं असावा; आणि तो हक्काचा प्रश्न न मानतां वडील माणसांच्या सेवेचा भाग मानावा. वही वाड्यांत राहणाऱ्यांनीं ठेवावी. तिचीं पानें दर तीन महिन्यांनीं दूरच्या भावांकडे जावीं. आंकडे समोर आले कीं भावनेचें व आळसाचें बोलणें आपोआप कमी होतें. वाडा राखावयाचा कीं उतरवावयाचा, हा निर्णयहि मग शांतपणें घेतां येतो. जेथें दुरुस्ती परवडत नाहीं, तेथें पाडणें हें पाप नव्हे. माणसांना त्याखालीं ठेवून वास्तूचा मान राखणें, हें मात्र खचित पाप आहे. तोंवर निदान एवढें आज रात्रींच करतां येईल: वृद्धांचीं व मुलांचीं अंथरुणें सर्वांत जाड, सर्वांत जुन्या भिंतीपासून दूर, दाराजवळच्या खणांत घालावीं, आणि माळ्यावरचीं जड भांडीं, पाटे-वरवंटे व निरुपयोगी दगड खालीं उतरवावेत.

शेवटीं, ज्या खुणा दिसतांच वही मिटून घर सोडावयाचें त्या सांगतों. एका दिवसांत वाढलेली भेग. कोपऱ्यांत वरून खालपर्यंत सुटलेला सांधा. नव्यानें आलेलें पोट. भिंतींतून येणारा कडकड आवाज व आपोआप गळूं लागलेली माती. तुळईचें टोक भिंतींतून सरकल्याची ताजी खूण. यांपैकीं एकहि दिसल्यास कागदपत्रें वा दागिने यांचा शोध न करतां सर्वांनीं बाहेर पडावें, शेजाऱ्यांस सांगावें, आणि जाणत्या माणसानें पाहिल्याखेरीज आंत जाऊं नये.

‘घर पाहावें बांधून’ अशी आपली म्हण आहे. बांधणाऱ्यांनीं तें बांधून पाहिलें व ते आपला भाग पुरा करून गेले. सांभाळून पाहण्याची पाळी आतां आपली आहे. एक साधी पेन्सिल व एक ओळंबा यांनीं तिचा आरंभ होतो, आणि तो येत्या रविवारींच करावा, एवढी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.